घरातला डोंगर

फोटो काढणं सोडून आमच्या स्टुडिओतलं सगळं काम मी करत असे. झाडू मारायचा, रडक्या पोराला खुळखुळा वाजवून हसवायचं, नवरीचा पदर नीट करायचा, लाल दिव्याच्या खोलीत फोटो धुवायचे आणि काचेवर वाळत घालायचे. कॅमेऱ्याला हात लावायचा तो फक्त फडक्याने पुसण्यापुरता. नगरच्या बाजारपेठेत एका माडीवर आमचा स्टुडिओ होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याचे मालक, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिकला गणितात आपटलेली, आणि तोंडाने फटकळ. तशी मी अजूनही आहे.

त्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला, आणि माडीचं छप्पर गळून आमच्या पडद्याचं वाटोळं झालं. पडदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावायचं मोठं चित्र. अण्णांनी तो तरुणपणी स्वतः रंगवला होता. तळं, तळ्यात दोन राजहंस, काठाला संगमरवरी कठडा. निम्म्या जिल्ह्याची लग्नं त्या राजहंसांच्या साक्षीने जमली होती. आता रंग ओघळून एका हंसाची मान पार कठड्यापर्यंत लांबली होती. त्यातच समोरच्या गल्लीत नवा स्टुडिओ निघाला आणि त्या गृहस्थाने मुंबईहून पडदा आणला, कारंज्याचा आणि गुलाबाच्या कमानीचा. आमची गिऱ्हाइकं जिना चढून यायची, हंसाची मान बघायची आणि ‘आलोच हं’ म्हणून कारंज्याकडे निघून जायची.

एक दिवस जेवताना अण्णा म्हणाले, “दिवाळी झाली की जागा सोडून देऊ. आणि त्याआधी तुझा एक चांगला फोटो काढू.”

चांगला फोटो म्हणजे काय, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नसे. भारीतलं लुगडं, हात मांडीवर, नजर किंचित खाली. मुलाकडच्यांना पाठवायचे असले शेकडो फोटो मीच धुतले होते. मला त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. लग्नच करायचं नव्हतं असं नाही हो, पण त्याआधी मला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं होतं. आणि स्टुडिओच गेला तर उभी कुठे राहणार?

घास तसाच ताटात ठेवून मी म्हटलं, “अण्णा, नवा पडदा मी करते.”

“तू?”

“मी. चित्रकलेत पहिला नंबर कुणाचा होता? गणिताचं नाव काढू नका.”

मी मनात सगळं ठरवूनच ठेवलं होतं. राजहंस नकोत. नगर जिल्ह्यात राजहंस कुणी बघितलाय? आपल्याकडच्या एखाद्या जुन्या इमारतीतली देखणी खिडकी घ्यायची आणि तिच्यातून आपल्याच जिल्ह्यातला डोंगर दाखवायचा. माणूस खुर्चीवर बसला की वाटलं पाहिजे, घरच्या खिडकीशी बसलाय. त्यासाठी आधी खिडक्यांचे आणि डोंगरांचे फोटो काढून आणायचे आणि त्यांवरून पडदा रंगवायचा.

अण्णांनी पानातलं संपवलं, हात धुतले, कपाटातून पेटीसारखा छोटा कॅमेरा काढला आणि दोन रोळ माझ्यासमोर ठेवले. “एका रोळात बारा. चोवीसात काय ते बसव. दसऱ्याला पडदा लागला पाहिजे. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक परतलं, तर स्टुडिओ राहील आणि मोठा कॅमेरा तुझ्या हातात देईन. नाही परतलं, तर निमूटपणे खुर्चीवर बसायचं.”

“कबूल,” मी म्हटलं. आवाज मुद्दाम मोठा काढला.

आता एकोणीस वर्षांची मुलगी गळ्यात कॅमेरा अडकवून गावोगाव एकटी कशी जाणार? म्हणून सोबतीला आत्या. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून आत्याच घर सांभाळत होती. कामाला वाघ, चालायला घोडा, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तिने डोक्यात घेतलं होतं की माणसाशिवाय फोटो काढणं म्हणजे अपशकुन आणि वर उधळपट्टी.

“भिंतीतल्या भोकाचा फोटो काढतेस? अगं, लोक काय म्हणतील!” असं म्हणून ती प्रत्येक खिडकीशेजारी पदर सारखा करून उभी राहायची. नगरात जुन्या इमारतींना काय तोटा? दगडी जाळ्या, कमानीच्या खिडक्या, लाकडी गजांच्या खिडक्या. मी निशाणा धरायची आणि खटका दाबते न दाबते तोच आत्या बाजूने शिरायची. एका घरची खिडकी मला फार आवडली होती, पण मी कॅमेरा वर केल्याबरोबर आतल्या बाईने “काय बघतीस गं मेले माझ्या घरात?” म्हणून दार आपटलं. पहिल्या सहा फोटोंत पाच वेळा आत्या होती. सहाव्यात नुसतं तिचं कोपर होतं.

मग ती म्हणाली, शिंगणापूरला जाऊ, शनिदेवाचं दर्शन होईल आणि तुझ्या खिडक्याही होतील. गेलो. तिथे घरांना दारंच नाहीत हे तिला ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर बाई बिथरली. उघड्या चौकटीत उभी राहून “अहो, कोणी आहे का, मी आत येऊ का?” असं ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या दोन घरांतल्या बायका धावत आल्या. त्यांनी आम्हाला भाकरी-पिठलं खाऊ घातलं, फोटोसाठी रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीमागची खिडकी मला शेवटपर्यंत दिसली नाही.

खरी खिडकी सापडली ती तिसगावला. करंजीच्या घाटातून एस. टी. वर चढते तशी मला मळमळायला लागलं होतं. तिसगावात उतरून सोडा प्यायले, डोळे उघडले तर समोरच ती. एका आडत्याचं, म्हणजे धान्याच्या दलालाचं, जुनं दुकान होतं. दगडी ओटा, त्यावर पुरुषभर उंचीवर सागवानी चौकट, वर कोरीव छज्जा, छज्ज्याच्या कोपऱ्याला पावसाचं पाणी बाहेर टाकणारी घोड्याच्या तोंडाची पन्हळ. कोरीव काम असं की बघत राहावं. झडपा मात्र घट्ट बंद होत्या. दुकान म्हणे कितीतरी वर्षं नुसतं गोदाम म्हणून वापरात होतं. तो बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे चौक मोकळा होता.

“आतून बघायला मिळेल का?” मी तिथल्या माणसाला विचारलं.

“आत भुसार भरलंय, ताई. पार आढ्याला टेकलंय.”

“आणि उंदीर असतील,” आत्या म्हणाली. “बाहेरून काढ नि चल.”

मी बाहेरून काढले. चार काढले. त्यांतल्या एकात आत्या नव्हती, कारण ती सोड्याच्या बाटल्या परत द्यायला गेली होती. झडपा काय, पडद्यावर उघड्या रंगवीन, असं मी मनाशी म्हटलं आणि खूश होऊन परत आले. खुळी कुठली.

डोंगरासाठी जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, अकोल्याला गेलो. त्या वर्षी तिसगाव-पाथर्डीकडे पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता, पण अकोल्याकडे बघा! अकोल्यात आत्याच्या सासरचे कोणी होते, त्यांच्याकडे मुक्काम केला आणि सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन भंडारदऱ्याकडे निघालो. जीपमध्ये किती माणसं होती ते मोजायची सोय नव्हती, कारण मान वळत नव्हती. वाटेत उतरलो तर भाताची खाचरं पोपटी, बांधावर सोनकीची पिवळी फुलं, पलीकडे धरणाचं पाणी काठोकाठ आणि त्यात डोंगर उलटा पडलेला. आत्या गप्प झाली. आत्या गप्प झालेली मी आयुष्यात तीनदा बघितली, त्यातली ही एक वेळ.

मी कॅमेरा लावते आहे तोवर खाचरातून एक शेतकरी वर आला, गुडघ्यापर्यंत चिखल. “कशाचा फोटू काढताय?”

“डोंगराचा.”

“डोंगराचा?” त्याने डोंगराकडे वळून नीट बघितलं. “तो कुठं जातोय व्हय? हितंच तर असतोय.” मग जरा विचार करून म्हणाला, “मी हुबा ऱ्हातो हवं तर. नुसता डोंगर लई एकटा दिसंल.”

आत्याने त्याच्याकडे अशा मायेने बघितलं की काही विचारू नका. अख्ख्या जिल्ह्यात तिला समजून घेणारा एक माणूस अखेर भेटला होता. मी त्या दोघांचा शेजारी शेजारी एक फोटो काढला आणि मग नुसत्या डोंगराचे सहा.

घरी आल्यावर कामाला लागले. मांजरपाटाचे तीन पट्टे शिवून एक केले, भिंतीवर ताणून बसवले, त्यावर खळ आणि खडूची भुकटी मिसळून दोन हात दिले. खिडकीच्या फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखले, पडद्यावर निळीत भिजवलेली दोरी ताणून तितकेच चौकोन पाडले आणि एकेक चौकोन भरत गेले. फोटो काळा-पांढरा, म्हणून पडदाही तसाच रंगवायचा असतो. काजळी, सफेदा आणि थोडी गेरू. सकाळी सुरू करायची ते उजेड जाईपर्यंत. मी छज्जा काढला, पन्हळ काढली, दगडी ओटा काढला, झडपा उघडल्या आणि त्यांच्या मधल्या जागेत अकोल्याचा डोंगर आणि पाणी घातलं. बोटं दुखून यायची, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता. रंगवताना मी गात असे म्हणे. मला आठवत नाही, आत्या सांगायची.

खंडेनवमीला मोठ्या कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली, दसऱ्याला पडदा टांगला. शेजारीपाजारी आले. “वा, वा! अगदी खरी खिडकी!” आत्या तर पडद्याजवळ जाऊन पन्हळीवरून हात फिरवून आली. अण्णा मात्र खुर्चीवर बसून, एक डोळा मिटून, बराच वेळ बघत राहिले. “बरी आहे,” एवढंच म्हणाले. अण्णांच्या तोंडून ‘बरी आहे’ म्हणजे पोटभर जेवण झाल्यासारखं असे.

पहिले चार-पाच दिवस जिन्यावर पावलं वाजत होती. मी मनात मोठा कॅमेरा केव्हाच हातात घेतला होता. आणि मग तो सुतार आला. बायको-मुलांना घेऊन फोटोला आला होता बिचारा. खुर्चीवर बसायच्या आधी पडद्याकडे वळून बघितलं, आणखी जवळ गेला, मान तिरकी केली आणि हसायला लागला.

“काय झालं?” मी विचारलं.

“ताई, रागावू नका. पर छज्जा घराच्या बाहेर असतो का आत?”

“बाहेर.”

“पन्हळ?”

“बाहेर.”

“मग आमी आता बाहेर बसलोय, अंगणात. व्हय का न्हाई? आन ही खिडकी उघडी, तिच्यातनं आपन घरात बघतोय.” त्याने डोंगरावर बोट ठेवलं. “मग ह्यो डोंगर आन एवढं धरण घरात हाय व्हय?”

कप्पाळ माझं! खिडकी मी बाहेरून काढली होती, डोंगरही बाहेरच होता, आणि दोन्ही एकत्र केल्यावर घरात डोंगर उगवला होता. इतके दिवस त्यात डोकं घालून बसले आणि मला हे दिसलं नव्हतं. सुताराच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं, पण तीही पदरात तोंड लपवून हसत होती. फोटो त्यांनी काढून घेतला, माणसं भली होती. पण सुताराच्या पोटात ती गोष्ट राहील कशी?

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले ते फोटो काढायला नाही, घरातला डोंगर बघायला. यायचे, बघायचे, खो खो हसायचे आणि कारंज्यापुढे फोटो काढायला जायचे. भाजी आणायला गेले तर भाजीवाली म्हणाली, “काय गं, आज डोंगराचा केर काढला का?” मी तिची मेथी तिथेच टाकून आले. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. आत्याने शिंगणापूरच्या देवाला नवस बोलायची भाषा काढली, तर मी तिच्यावरही खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा खेकसलेच.

शेवटी अण्णांसमोर जाऊन म्हटलं, “तुम्हाला तरी दिसायला नको होतं का?”

“पहिल्याच दिवशी दिसलं,” अण्णा म्हणाले. “एक डोळा अजून चांगला आहे माझा.”

“मग बोलला का नाहीत?”

“गात होतीस गं तू.” ते हातातली नेगेटिव्ह उजेडाकडे धरून बघत राहिले. “आणि माझ्या तळ्यात कठड्याची सावली उजवीकडे पडायची आणि हंसांची डावीकडे. इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही. तुझ्या नशिबी पहिल्या आठवड्यातच सुतार आला.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण पाडव्याची अट काही ते मागे घेईनात, आणि मीही मागे घ्या म्हणणार नव्हते. दिवाळी तोंडावर आली. जिना ओस. पाडव्याला दोन दिवस उरले, तेव्हा मी सकाळीच बादलीत काजळी कालवली, मोठा कुंचला घेतला आणि डोंगर पुसून टाकायला उभी राहिले. तिथे काळोख रंगवायचा, घराच्या आत असतो तसा. निदान कुणी हसणार तरी नाही, असं मी ठरवलं होतं.

कुंचला बुडवला तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नवराबायको होते. पूर्वेकडचे, ऊसतोडीला निघालेले. त्यांच्या टोळीच्या बैलगाड्या गावाबाहेर सोडल्या होत्या, बैलांना वैरण टाकून हे दोघं तेवढ्यात आले होते. नवरा दारातच चपला काढून अवघडून उभा राहिला. बायको माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, काटक, नाकात मोरणी, डोळे भिरभिरते. तिने पडद्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

“अगं माय! ही तर आमची खिडकी!”

“तुमची?”

“तिसगावची. बाजाराच्या दिवशी मी हिच्याच खाली बसते की. गावरान अंडी, शेंगा, बोरं, जे आसंल ते घिऊन. लग्न झाल्यापास्नं बसते.” ती पडद्यापाशी गेली. “इतकी वरसं झाली, कधी उघडी बघितली न्हाई. म्या म्हनायची, आत हाय तरी काय येवढं, की कायम बंद ठिवत्यात?” मग तिने नवऱ्याकडे वळून बघितलं, चेहरा अगदी गंभीर करून. “अवो, बघा. आपल्याकडलं सगळं पानी आडत्यानं आत कोंडून ठिवलंय!”

नवरा हसला. अण्णा हसले. मीसुद्धा हसले, त्या चौदा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा. ही हसण्याची तऱ्हा वेगळी होती. ती मला हसत नव्हती, आडत्याला हसत होती, पावसाला हसत होती, बहुतेक स्वतःलाही.

“चुकलंय ते,” मी म्हटलं. “डोंगर बाहेर पाहिजे. मी पुसतेच आहे आता.”

“पुसू नगा!” ती इतक्या जोरात म्हणाली की माझ्या हातातला कुंचला बादलीत पडला. मग हळू आवाजात सांगायला लागली. त्यांची मुलगी चार वर्षांची होती. तिला यंदा पहिल्यांदाच सासूपाशी ठेवून दोघं चालले होते, मागच्या साली फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, थंडीने ती फार आजारी पडली म्हणून. आता उन्हाळ्यापर्यंत भेट नाही. गावचा एक माणूस दुपारी परत जाणार होता, त्याच्या हाती फोटो धाडायचा होता. “येवढ्या दिसांत ती माझं तोंड इसरंल, ताई. ल्हान हाय. पर ही खिडकी न्हाई इसरायची. बाजारात माझ्या मांडीवर बसून हिच्या घोड्याला शेंगा दावती. सासू म्हनंल, ही बघ खिडकी, आन हिच्याखाली बसलीया ती कोन? तर वळखंल.”

मी बादली उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली.

“आन दुसरं,” ती म्हणाली, “उसाच्या फडात आमी बाहेरच ऱ्हातो की. आत काय आसतं ते आमाला कुटं ठावं? आत हिरवंगार हाय, पानी हाय, तर ऱ्हाऊ द्या. केवढं हिरवं काढलंय तुमी!”

पडद्यावर हिरवा रंग औषधालाही नव्हता. पण मी तिला तसं सांगितलं नाही.

खुर्ची तिने बाजूला सारली. पडद्याच्या खाली, रंगवलेल्या ओट्याला पाठ लावून, एक गुडघा वर घेऊन ती खाली बसली, बाजारात बसते तशी. नवरा शेजारी उभा राहिला, हात कुठे ठेवायचे ते न समजून त्याने ते मागे बांधले. मी तिचा पदर सारखा करायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाजारात आसाच आसतो.”

अण्णा नेहमीसारखे मोठ्या कॅमेऱ्यामागे गेले आणि त्यांनी काळं कापड डोक्यावर घेतलं. बराच वेळ ते आतच होते. भिंग पुढे, मागे, पुन्हा पुढे. ती दोघं श्वास धरून होती. मग अण्णांनी कापडातून डोकं बाहेर काढलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला नाही. बाजूला सरकले. काळ्या कापडाचं टोक त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी रंगाचे हात फडक्याला पुसले.

“पोरगी काढनार व्हय?” ती बाई खुशीत येऊन म्हणाली. “काढू द्या की. तिनं आमची खिडकी बघितलीया.” मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत, “आन ताई, तुमचा फोटू कोन काढतं वो? तुमालाबी आता दावायचं आसंल ना कुनाला तरी?”

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, परवाच काढायचा आहे.

अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते त्या बाईशी बोलले, गिऱ्हाइकाशी बोलतात तसे, साध्या आवाजात. “तिला नाही हो पुढे बसायचं. ती कॅमेऱ्यामागे असते.”

मी कापडात डोकं घातलं. काचेवर सगळं उलटं दिसतं, हे मला माहीत होतं. छपराकडे पाय करून बसलेली ती बाई, तिच्याखाली खिडकी, खिडकीत घरातला डोंगर. सगळं होतं आणि काहीच स्पष्ट होईना. भिंग मी नीट लावलं होतं. माझेच डोळे भरून आले होते, आणि त्या काळ्या कापडात कुणी बघत नव्हतं म्हणून मी मनसोक्त रडून घेतलं.

“ताई, झालं का वो?” बाहेरून आवाज आला.

“नाही,” मी आतूनच ओरडले. “हलू नका.”

पाडव्याला अजून दोन दिवस बाकी होते.